उजव्या कुशीचे कारण

मिरजेच्या एका धर्मादाय रुग्णालयातील स्त्री-शल्यकक्षाच्या प्रमुख परिचारिका चंदना मगदूम यांना विद्यार्थिदशेपासून एक खोड होती. कोणतीही गोष्ट सांगितली, की त्या आधी 'का?' असे विचारीत. जखम आतून बाहेरच का पुसायची, रक्तदाब मोजताना हात हृदयाच्या पातळीलाच का ठेवायचा, रात्रपाळीच्या नोंदी लाल शाईनेच का लिहायच्या. उत्तर मिळेपर्यंत त्यांचे समाधान होत नसे. त्यांच्या शिक्षिकेने कंटाळून त्यांचे नाव 'प्रश्नपत्रिका' असे ठेवले होते, आणि सेवेत रुजू झाल्यावर ते नाव त्यांच्या मागोमाग मिरजेलाही आले.

परंतु ज्या कामात माणसाचा हात बसतो, त्या कामाविषयी त्याला प्रश्न पडेनासे होतात. चंदनाताईंचा हात बसला होता तो पाठ चोळण्यात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीला आणि कमरेला स्पिरिट लावायचे, गोल गोल हात फिरवून चोळायचे आणि वर पावडर मारायची, म्हणजे त्या जागी रक्त खेळते आणि कातडी फुटून जखम होत नाही, असे त्यांना शिकवले गेले होते. त्यांनी ते मन लावून केले, आणि त्यांच्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या मुलीला तसेच शिकवले. चंदनासिस्टरांच्या कक्षात पाठीची जखम होत नाही, असे डॉक्टरही म्हणत. त्या वाक्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो लपवण्याची त्यांना गरज वाटत नसे.

म्हणूनच सांगलीत, स्वतःच्या घरात, सासूबाईंच्या उजव्या खुब्यावर रुपयाएवढा लाल डाग दिसला, तेव्हा त्यांना तो अपमानासारखा वाटला.

आक्काताई मगदूम यांनी ऐंशी ओलांडली होती. न्हाणीघरात घसरल्यापासून त्यांच्या कमरेतील बळ गेले होते. हाडे जुळली, पण पाय उभे राहिनात. उत्तरेच्या खिडकीशी, डोके पूर्वेला येईल असा त्यांचा पलंग लावला होता. चंदनाताईंचे पती भरतेश यांची हळदीची अडत, चंदनाताईंची नोकरी, अशा व्यापात दिवसा बनाबाई नावाची एक हुशार बाई आक्काताईंजवळ असे. संध्याकाळी मात्र चंदनाताई कपडे बदलून प्रथम सासूबाईंची पाठ आणि खुबा चोळायला बसत. आक्काताई दिवसभर त्या हाताची वाट पाहत. सूर्यास्तापूर्वी त्यांचे जेवण झालेले असे, आणि मग सून चोळते आहे, आपण दिवसभराच्या तक्रारी सांगतो आहोत, हाच त्यांचा विसावा होता. आणि एवढे चोळूनही डाग जाईना. उलट थोडा पसरला. या वयात कातडी एकदा फुटली, की ती जखम हाडापर्यंत जाते आणि माणसालाही घेऊन जाते, हे चंदनाताईंनी इतरांच्या घरी पाहिले होते. त्यांनी एकच उपाय केला: चोळण्याचा वेळ वाढवला.

याच सुमारास त्यांच्या नोंदणीच्या नूतनीकरणाची वेळ आली. त्यासाठी सेवेतील परिचारिकेला ठरावीक तासांचे नवे शिक्षण घ्यावे लागते. साताऱ्याच्या एका परिचर्या विद्यालयात दोन दिवसांचा वर्ग भरणार होता. विषय होता दीर्घकाळ अंथरुणावर असलेल्या रुग्णाची काळजी. हा विषय आपल्याला कोण शिकवणार, अशी शंका चंदनाताईंना आली. वर्गात शिरल्या तर फळ्यापाशी त्यांच्याच हाताखाली शिकलेली स्वप्नाली उभी होती.

स्वप्नाली माण तालुक्यातील धनगर कुटुंबातील. मिरजेला चंदनाताईंच्याच कक्षात ती पहिल्या नोकरीला लागली होती. पुढे शिकली आणि आता याच विद्यालयात अध्यापन करीत होती. चंदनाताई पहिल्या बाकावर बसल्या. तिने हात जोडले, आणि त्यानंतर बराच वेळ ती त्या बाकाकडे पाहण्याचे टाळून बोलत राहिली. कारण तिने जे सांगायला घेतले होते, ते असे: दाबाने लाल झालेली जागा चोळायची नाही, आणि स्पिरिटने तर मुळीच नाही.

पाटणहून आलेल्या दीपमाला नावाच्या परिचारिका मागून पुटपुटल्या, पण सर्वांना ऐकू येईल अशा बेताने.

"जन्मभर चोळली पाठ. आता म्हणे चोळू नका. उद्या म्हणतील, पेशंटला हातच लावू नका, लांबनं नमस्कार करा."

वर्ग हसला. स्वप्नाली शांतपणे म्हणाली, की तिलाही पहिल्या नोकरीत चोळायलाच शिकवले होते.

"कुणी शिकवलं ते सांग की," चंदनाताई म्हणाल्या. "मीच शिकवलं. आता पुढं बोल. कशावरून चूक?"

त्यांच्या आवाजात राग आहे की काय, हे पाहण्यासाठी सर्वांनी माना वळवल्या. राग नव्हता, असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु रागाच्या पुढे दोन पावले ती जुनी खोड चालत होती.

स्वप्नालीने पिशवीतून एक पिकलेला चिकू काढला, तो टेबलावर ठेवून तळहाताने काही वेळ दाबला आणि चंदनाताईंच्या हाती दिला. वरून साल धड होती. तिने ती जागा अंगठ्याने चोळायला सांगितले. चंदनाताईंनी चोळली, आणि अंगठा आत गेला. दाबाखाली आतले आधीच चिरडलेले असते, ती म्हणाली. वरची लाली ही त्याची खूण. तिथे चोळणे म्हणजे जे तुटायचे राहिले आहे तेही तोडणे. मग तिने एक परीक्षा दाखवली. लाल जागेवर बोट दाबून उचलावे. ती क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल झाली, तर आत रक्त वाहते आहे. पांढरी पडलीच नाही, तर जखमेची सुरुवात झाली. औषध एकच, त्या जागेवरचा भार काढणे. कूस वेळेवर बदलणे.

चंदनाताईंनी चिकूने चिकट झालेला अंगठा रुमालाला पुसला आणि एकामागून एक प्रश्न विचारले. मग आजवर जखमा का झाल्या नाहीत? तर चोळण्यासाठी त्या रुग्णाला दर खेपेला कुशीवर वळवत होत्या, आणि गुण त्या वळवण्याचा होता, हे उत्तर त्यांनी स्वतःच, बोलता बोलता, शोधून काढले. स्वप्नालीने मान डोलावली. आपल्या हाताला मिळालेले श्रेय दुसऱ्याच कशाचे तरी होते, हे कळणे सोपे नाही; पण ते कसे घडले असावे, याचे कुतूहल त्यांना इतके वाटले, की दुःख करायला सवड उरली नाही.

चहाच्या वेळी त्यांनी स्वप्नालीला बाजूला घेऊन सासूबाईंची हकिकत सांगितली. कूस बदलायला चंदनाताईंची ना नव्हती. पण डाव्या कुशीवर कितीही नीट झोपवले, तरी आक्काताई पलंगाची कड धरून, कण्हत, उजव्या कुशीवर परत येत. हट्ट, दुसरे काय.

"विचारलंय का त्यांना?" स्वप्नालीने विचारले.

"काय विचारायचं? म्हातारपण."

स्वप्नालीने कप खाली ठेवला. वर्गातील भाषा सोडून ती गावच्या भाषेत बोलू लागली.

"सिस्टर, आमचा नानासो आजा जन्मभर मेंढरांकडं तोंड करून झोपला. लांडगा कवा येईल सांगता येत न्हाई, म्हणून. कमरेनं बसला, घरात पडला, मेंढरं इकली, तरी तोंड त्याच अंगाला. आमी समदी म्हणायचो, म्हातारा लय हट्टी. कुणी इचारलंच न्हाई. जागा फुटल्यावर त्यानं आपणच सांगितलं. तवा लय उशीर झाला हुता."

परतीच्या गाडीत चंदनाताई स्वतःच्या मनगटावर बोट दाबून उचलीत होत्या, पांढरे होई, लाल होई, आणि पुन्हा दाबीत होत्या. रहिमतपूरला चढलेल्या शेजारच्या बाईने काही वेळ हे पाहिले आणि काय चावले म्हणून चौकशी केली. चंदनाताईंनी तिलाही मनगट दाबून पाहायला लावले. कराड येईपर्यंत त्या बाकावरील सर्वजण आपापली मनगटे दाबून पाहत होते.

घरी आल्यावर त्यांनी सासूबाईंच्या खुब्यावरील डागावर बोट दाबले आणि उचलले. डाग लालच राहिला. पुन्हा दाबले. लालच. गाडीतली गंमत त्या एका क्षणात संपली.

स्पिरिटची बाटली त्यांनी कपाटात ठेवून दिली. आक्काताईंनी ते पाहिले.

"आज चोळत न्हाईस व्हय? दमलीस?"

चंदनाताईंनी चोळण्यातील अपाय समजावून सांगितला. आक्काताई भिंतीकडे न बघता, खिडकीकडेच बघत ऐकत होत्या. सून आता हात लावायलाही कंटाळली, असा अर्थ त्यांनी काढला असावा, कारण त्या म्हणाल्या, "न्हाई तर न्हाई. मी काय कुणावर जुलूम करत न्हाई."

तेव्हा चंदनाताई पलंगाशी खुर्ची ओढून बसल्या आणि इतक्या महिन्यांत न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला.

"आत्याबाई, तुमी डाव्या कुशीवर का झोपत न्हाई?"

आक्काताईंना त्या प्रश्नाचेच नवल वाटले.

"आगं, जैनाच्या घरची लेक तू. म्होरं बस्ती हाय. आत देव बसल्यात. मी पाठ कशी फिरवू?"

चंदनाताईंनी खिडकीबाहेर पाहिले. गल्लीपलीकडे बस्तीचे शिखर होते. जैन मंदिराला या भागात बस्ती म्हणतात, आणि भरतेश रोज सकाळी तिथून मूर्तीच्या अभिषेकाचे गंधोदक आणून आईच्या डोळ्यांना लावीत. हे शिखर चंदनाताई लग्न होऊन आल्यापासून पाहत होत्या. पलंग तिथे लावला तोही आक्काताईंना दर्शन व्हावे म्हणून, आणि चंदनाताईंनीच लावला होता.

देव आजाऱ्याचे चालवून घेतो, असे त्यांनी म्हणून पाहिले. मुनिमहाराजांना विचारू, तेही हेच सांगतील.

"म्हाराज सांगतील गं. त्येंचं मन मोठं हाय. मला न्हाई जमायचं."

विषय तिथेच संपला. ज्या माणसाचे कारण हट्ट नसून निष्ठा आहे, त्याच्याशी वाद घालण्याचा हक्क आपल्याला पोहोचत नाही, एवढे चंदनाताईंना कळत होते. पण डाग वाट पाहणार नव्हता, हेही कळत होते. त्यांनी तात्पुरत्या उशा लावून खुब्यावरचा भार थोडा हलका केला आणि पलंगाभोवती फिरून त्या विचार करू लागल्या. मग त्या चक्क जमिनीवर आडव्या झाल्या. डोके पूर्वेला, उजवी कूस, समोर बस्ती. डावी कूस, पाठीमागे बस्ती. त्या उठल्या, उलट्या टोकाला जाऊन पुन्हा आडव्या झाल्या.

भरतेश अडतीवरून आले, तेव्हा त्यांची पत्नी फरशीवर कुशी बदलत होती आणि आई पलंगावरून ते लक्षपूर्वक पाहत होती.

"काय झालं? पडलीस का?"

"थांबा जरा. माझं डोकं आता कुणीकडं हाय?"

"पश्चिमेला."

"आणि कूस?"

"डावी."

"आणि तोंड?"

भरतेशांनी खिडकीतून बस्तीकडे पाहिले, तिकडेच वळलेल्या पत्नीच्या तोंडाकडे पाहिले आणि पायातले बूट काढून ठेवले.

पश्चिमेला डोके करून झोपण्यास आक्काताईंची हरकत नव्हती; फक्त दक्षिणेला पाय नकोत, हे त्यांनी बजावले. पाय तर पूर्वेला जाणार होते. दुसऱ्या दिवशी भरतेशांनी मिरजेहून चाकांचा पलंग आणला. ठरल्या वेळी चाकांची कळ सोडायची, पलंग खोलीच्या मध्यावर ओढायचा, अर्धा फिरवायचा, पुन्हा खिडकीशी लावायचा आणि आक्काताईंना दुसऱ्या कुशीवर घ्यायचे, असा क्रम बसला. दिवसा बनाबाई आणि शेजारीण, सकाळ-संध्याकाळ आणि रात्री घरची माणसे. पहिल्या दिवशी पलंग फिरू लागला, तेव्हा आक्काताई दोन्ही कडा धरून म्हणाल्या, की लोक देवाला प्रदक्षिणा घालतात, इथे मात्र देवासमोर त्यांनाच फिरवतात. चोळणे बंद झाल्याचे दुःख त्यांनी लगेच सोडले नाही. चंदनाताई मात्र त्याच वेळी, त्याच खुर्चीत, काही न चोळता नुसत्या बसू लागल्या. तक्रारी ऐकायला स्पिरिट लागत नव्हते.

रोज संध्याकाळी डागावर बोट टेकवले जाई. बरेच दिवस काही घडले नाही. मग एकदा बोट उचलले, आणि तिथे बोटाएवढी पांढरट खूण दिसली, मिटली, जागा पुन्हा लाल झाली. चंदनाताईंनी ते तीनदा करून पाहिले. शेवटी आक्काताईंनी विचारले, की कातडीतून काय बाहेर येणार आहे म्हणून ती अशी टोकरते आहे? चंदनाताईंनी त्यांना पांढऱ्या खुणेचा अर्थ सांगितला. आक्काताईंनी तो नीट ऐकून घेतला, आणि मग स्वतःचे दंड आणि मनगटे दाबून पाहिली.

डाग पुढे फिका होत गेला. पण चंदनाताईंच्या जिज्ञासेला गाठणारी जिज्ञासा घरात आधीपासून होती, हे त्यांना पलंग फिरू लागल्यावर कळले. डोके पूर्वेला असताना आक्काताईंना बस्तीचे शिखर दिसे. डोके पश्चिमेला असताना, त्याच खिडकीतून, बस्तीचे दार दिसे. इतके महिने त्यांनी फक्त शिखर पाहिले होते. दाराशी तर सारी गल्ली येत होती. कोण अभिषेकाला उशिरा येते, कुणाची सून नवे लुगडे नेसून आली, पाटलांच्या घरचे हल्ली फिरकत का नाहीत, यावर त्या बारीक नजर ठेवू लागल्या.

एका संध्याकाळी चंदनाताई कामावरून आल्या, तर कूस बदलण्याची वेळ अजून झाली नव्हती. आक्काताईंनी त्यांना दारातच हाक मारली.

"आधी हात धू, आणि मला फिरीव. आरतीची वेळ झाली. आज कोण आलं न्हाई त्ये बघायचं हाय."

चंदनाताईंनी पिशवी ठेवली, हात धुतले आणि चाकांची कळ सोडली.