भाया आले आणि मी उठले

माझ्या अंगात रक्त टिकत नव्हतं. गर्भाच्या पिशवीत गाठ होती, मोसंबीएवढी, आणि दर महिन्याला ती मला पार रिकामी करायची. शेतात निंदायला बसले आणि उठले की डोळ्यांपुढे काळं यायचं. जालन्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठ दुर्बिणीतून काढता येईल, पोट फाडायचं काम नाही. पण काढताना रक्त फार जाईल, आणि घालवायला माझ्याकडे रक्त नाही.

"म्हणून आधी दुसरे डॉक्टर दोन्ही जांघांतल्या रक्ताच्या नळीतून बारीक नळ्या आत घालतील," त्या म्हणाल्या. "टोकाला फुगा असतो. मी गाठ काढेपर्यंत तो फुगवून ठेवायचा, रक्त तिथंच अडतं. काम झालं की फुगा सोडायचा."

मला भीती वाटलीच. पण भीतीच्या आधी मनात आलं की नळी जांघेतून निघून पिशवीपर्यंतची वाट कशी शोधत असेल? विचारलं मात्र नाही. परक्या माणसांपुढे माझा आवाज निघत नाही.

घरी मालकांनी हे सगळं भायांना सांगितलं. भाया म्हणजे मालकांचे थोरले भाऊ. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भायांशी बोलत नाही. ते आले की डोक्यावर पदर घेऊन उठायचं, त्यांच्यासमोर बाजेवर बसून राहायचं नाही. इतकी वर्षं एका घरात राहून आमच्यात एक शब्द सरळ झालेला नव्हता. चहा लागला तर ते भिंतीकडं बघून म्हणतात, "चहा भेटंल का?" आणि मी कप उंबऱ्याजवळ ठेवते.

त्या दिवशी मी आतून ऐकत होते.

"ठिबकची नळी फाटली की मी ती दुमडून बांधतो," भाया म्हणाले. "हे तसंच झालं की."

"हां दादा, बराबर तसंच."

"तसंच कसं? दुमडली की म्होरच्या झाडाचं पानी बंद. मंग पिशवीचं रक्त बंद केल्यावर ती वाळून न्हाई का जाणार?"

"आता मला काय ठावं?"

"इचारायचं न्हाई का मंग? नुसतं मुंडकं हलवून आला असशील."

मला आत हसू आलं, कारण मुंडकंच हलवलं होतं, आम्ही दोघांनीही. पण भायांचा प्रश्न माझ्या मनात बसला तो बसलाच.

नळ्या घालायची खोली फार गार होती. जांघांपुरतंच बधिर केलं होतं, मी जागी होते. डॉक्टरांनी आत घालायच्या आधी फुगा बाहेरच फुगवून पाहिला. हरभऱ्याच्या घाट्याएवढा, पातळ. मी मान वळवून बघत होते.

"मावशी, तिकडं नका बघू, घाबराल," सिस्टर म्हणाली.

"बघू द्या," मी म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकले.

सिस्टर हसली आणि बाजूला झाली. समोरच्या टीव्हीवर नळीची काळी रेघ वर सरकत होती. डॉक्टरांनी औषध सोडलं तसं एकदम झाड उभं राहिलं, खोड, फांद्या, बारीक बारीक काड्या. क्षणात विरूनही गेलं. ते झाड म्हणजे मी होते. तेवढ्यात कमरेखाली ऊन ऊन वाटलं. मला वाटलं, लघवी झाली. शरमेनं डोळे मिटले. सिस्टरला कसं कळलं कोण जाणे. कानाशी येऊन म्हणाली, "काही झालं नाही मावशी. त्या औषधानं सगळ्यांनाच तसं वाटतं."

तिच्या त्या बोलण्यानं मला धीर आला आणि मी भायांचा प्रश्न डॉक्टरांना विचारून टाकला. "रक्त बंद केल्यावर पिशवी वाळून नाही का जाणार?"

डॉक्टर टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले, "थोडाच वेळ बंद ठेवतो. आणि मोठी वाट अडवली तरी बारीक आडवाटांनी थोडं रक्त येत राहतं. तेवढ्यावर ती तग धरते."

मग मला झोपवलं. जागी झाले तेव्हा गाठ निघाली होती आणि रक्त अगदी थोडं गेलं होतं. नळ्या दुसऱ्या दिवशी सकाळी काढल्या. सिस्टरनं दोन्ही जांघा बराच वेळ दाबून धरल्या, पट्ट्या लावल्या आणि बजावलं, "संध्याकाळपर्यंत पाय सरळ. गुडघा वाकवायचा नाही, उठून बसायचं नाही. भोक उघडलं तर वाचवलेलं सगळं रक्त तिथून जाईल." मी हो म्हणाले.

दुपारी मालक खाली औषधं आणायला गेले होते. दाराशी खोकला आला. भायांचा खोकला मी झोपेतही ओळखते. माझा हात डोक्याकडे गेला, पदर नव्हता, दवाखान्याचा झगा होता. मी चादर डोक्यावर ओढली, गुडघे वाकवले आणि पलंगावरून खाली उतरायला लागले.

जांघेत ऊन ऊन वाटलं. मला वाटलं, कालच्यासारखंच, औषधाचंच असेल. म्हणून मी बोललेच नाही. भायांचीच नजर खाली गेली आणि ते ओरडले, "सिस्टर! जल्दी या!"

झगा लाल झाला होता. सिस्टरनं मला आडवं पाडलं आणि दोन्ही हातांवर सगळा भार टाकून जांघ दाबली. "कोणी उठवलं तुम्हाला?"

"माझ्यापायी उठली ती," भाया म्हणाले.

"तुम्ही उठा म्हणालात?"

"न्हाई. म्हनावं लागत न्हाई."

सिस्टरला ते कळलं की नाही माहीत नाही. "थांबलं नाही तर परत आत न्यावं लागेल," एवढंच ती म्हणाली. मी वरच्या पंख्याकडे बघत पडले. एवढी गाठ काढताना जे गेलं नाही, ते मानापायी जाणार होतं. तिच्या कपाळावरचा घाम माझ्या हातावर पडला, तरी तिनं दाब सोडला नाही. शेवटी तिनं एक एक बोट उचलून बघितलं. थांबलं होतं.

"आता उद्या सकाळपर्यंत हलायचं नाही," ती म्हणाली आणि भायांकडे रागानं बघून गेली.

मला वाटलं, भायाही गेले. पण स्टूल सरकल्याचा आवाज आला. त्यांनी ते दारातच ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून बसले. मला फक्त टोपी आणि खांदे दिसत होते.

"मी आता पाठमोरा बसलोय," ते समोरच्या भिंतीला म्हणाले. "कुनी उठायचं कारन न्हाई."

मग खाकरून म्हणाले, "त्या पिशवीचं काय म्हन्ले? वाळत न्हाई?"

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी ओठ ओले केले.

"न्हाई वाळत," मी म्हणाले. "आडवाटा असतात. बारीक बारीक. त्यांनी थोडं येत राहतं."

"अस्सं." टोपी हलली. "अन् फुगा केवढा व्हता?"

"घाट्याएवढा."

"हरभऱ्याच्या?"

"हो."

नवलानं त्यांची मान माझ्याकडे अर्धी वळली, आणि तिथूनच परत फिरली. मी पाय सरळ ठेवून पडून राहिले.