साडूंनी नापास केलेले तंबू

पुण्याच्या चारी दिशांना माणसाने एक रात्र काढावी अशी एकही जागा नाही, हे माझ्या थोरल्या साडूंनी वर्षानुवर्षे रविवारी हिंडून सिद्ध केलेले आहे. पानशेत, पवना, मुळशी, भोर, जिथे म्हणून कोणी जमिनीत चार खुंट्या ठोकून वर कापड ताणले, तिथे ते गेले, वाकून आत शिरले आणि मान हलवीत बाहेर आले. बरोबर मी असायचो. मी मुळात घरात पुस्तक घेऊन बसणारा माणूस. त्या रविवारांत मला जेवढे धक्के बसले, तेवढे उरलेल्या आयुष्यात मिळून बसले नसतील.

सुरुवात दोघी बहिणींनी केली. माझी पत्नी आणि तिची थोरली बहीण, जिला मीही ताईच म्हणतो, यांना लहानपणी वडिलांनी शाळेच्या शिबिराला पाठवले नव्हते. ‘मुली उघड्यावर झोपत नसतात,’ एवढे बोलून त्यांनी विषय संपवला होता. पन्नाशी उलटल्यावर दोघींना ते एकदम आठवले. हिंजवडीत नोकरी करणारी पोरं शनिवारी तंबूत राहून येतात, आपणच काय पाप केलं, असे ताईंनी एका रविवारी जेवताना विचारले, आणि साडूंनी ताटावरून न उठता जाहीर केले, “जागा मी बघतो.” साडू पिंपरीकडच्या एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात होते. उभी हयात त्यांनी यंत्रांचे सुटे भाग डोळ्यासमोर धरून ‘हा नाही, हा नाही’ म्हणत बाजूला टाकण्यात घालवली. मग उदारीकरण आले, नवी यंत्रे आली, आणि कंपनीने त्यांना शाल-श्रीफळ देऊन मुदतीआधीच घरी पाठवले. नोकरी सुटली, नजर सुटली नाही. धायरीच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्या नजरेला पुरेसे काम नव्हते. मंडईतल्या भाजीवाल्या त्यांना लांबून येताना पाहूनच टोपलीवर फडके ओढत. अशा वेळी पुण्याभोवती पावसाळी छत्र्यांसारखे तंबू उगवू लागले, हे त्यांचे नशीब म्हणायचे, तंबूवाल्यांचे नव्हे.

जागा पारखण्याची त्यांची पद्धत ऐकून मी पहिल्यांदा हादरलो. ते म्हणाले, “रात्रीचं काय, दमलेला माणूस दगडावरही झोपतो. दुपारी जेवून आडवं झाल्यावर जिथं झोप लागते, ती जागा खरी.” म्हणजे प्रत्येक ठिकाणी ते वामकुक्षी करून पाहणार! मुळशीकडे एकदा मालक चहा सांगायला गेला, तेवढ्यात साडू शर्ट काढून समोरच्या तंबूत आडवे झाले. तो तंबू दुसऱ्या कोणी आधीच ठरवलेला होता. थोड्या वेळाने एक तरुण जोडपे गाडीतून उतरले, लग्नाचा वाढदिवस साजरा करायला आलेले. मुलीच्या हातात केकचा खोका होता. तिने तंबूची चेन उघडली. आत पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचा मोठा बदाम काढलेला होता आणि त्या बदामाच्या मधोमध माझे साडू, अंगात बनियन, तोंडावर वर्तमानपत्र, घोरत होते. ती किंचाळली. मी झाडामागे गेलो. साडूंनी वर्तमानपत्र न हलवता सांगितले, “आत या नाहीतर बाहेर जा, पण चेन लावा. माशा येतात.” नंतर उठून त्यांनी त्या दोघांना गादी मध्ये कशी खचलेली आहे ते हाताने दाबून दाखवले. खरे सांगतो, त्यांनी आभार मानले आणि दुसरा तंबू मागून घेतला.

संडासाची कडी ही त्यांची दुसरी कसोटी. कडी लावून ते आत उभे राहत आणि आम्हाला बाहेरून दार ढकलायला लावत. पवनेला एकदा कडी इतकी पक्की निघाली की उघडेचना. मालक पहार आणायला धावला, ताई कपाळाला हात लावून पायरीवर बसल्या, आणि आतून साडूंचा आवाज चालूच होता, “अगं, लक्षात ठेव. खिडकी उत्तरेला. साबणदाणी नाही. नळ गळतोय.” पानशेतच्या वाटेवर एका ठिकाणी पाटीवर तलावाचे चित्र होते. साडूंनी डोळ्यांवर हात धरून क्षितिजापर्यंत पाहिले आणि मालकाला विचारले, “तलाव कुठंय?”

“हाय की काका. पावसाळ्यात पार हितवर येतो.”

“मग पाटीही पावसाळ्यातच लावत जा.”

टाय लावलेल्या एका मॅनेजरने त्यांना समजावले होते की हे साधे कॅम्पिंग नाही, ग्लॅम्पिंग आहे. तंबूत पलंग, एसी, आतच बाथरूम, सगळी अगदी घरासारखी सोय. साडूंनी शांतपणे ऐकून घेतले. “घरासारखी? हे सगळं धायरीत आमच्याकडे आहे,” ते म्हणाले, “शिवाय भिंती आहेत.”

निकाल लागला की दोघी बहिणी जवळपासच्या झाडाखाली सतरंजी पसरून डबे उघडत. मग परतीचा प्रवास. साडू गाडी चालवत, शेजारी मी, मागे उजवीकडे ताई आणि डावीकडे माझी पत्नी, काच चार बोटे खाली करून, कारण बंद गाडीत तिला कोंडल्यासारखे होई. एकदा घरी आल्यावर मी कंटाळून तिला म्हणालो, “हे काही तुम्हाला या जन्मी तंबूत झोपू देत नाहीत.” ती डबे घासत होती. म्हणाली, “आणि पसंत पडली एखादी, तर पुढच्या रविवारी काय करायचं हो आपण?” मी ते थट्टेवारी नेले.

मग एके दिवशी माझी पत्नी गेली. सकाळी बोलत होती, संध्याकाळी नव्हती. त्या दिवसांत साडू रोज येत, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसत, आणि कशालाही नावे ठेवत नसत. चहा पाणचट झाला तरी पिऊन टाकत. मला ते बघवत नसे.

दिवसकार्य होऊन काही आठवडे गेले, आणि एका रविवारी ते दारात उभे राहिले. “चला. ही खाली गाडीत बसलीय. आज जागा पसंत करून टाकू.” एवढ्यात? पण पुढे ते खाली बघत म्हणाले, “फार उशीर केला मी.” मग मला नाही म्हणता आले नाही.

कात्रजचा बोगदा ओलांडून आम्ही भोरच्या बाजूला एका ठिकाणी थांबलो. तंबू रस्त्याला लागून होते. शेजारी जनरेटर धडधडत होता. जमिनीवर प्लास्टिकचे हिरवेगार गवत अंथरलेले आणि दाराशी सिमेंटचा जिराफ. मी मनातल्या मनात साडूंचे बोलणे तयार केले, जिराफापासून सुरुवात होईल अशी खात्रीच होती. साडू गाडीतून उतरले. कडी लावून पाहिली नाही, आत डोकावलेदेखील नाहीत. “छान आहे,” ते म्हणाले. “पसंत. येत्या शनिवारी येऊन राहू. एक रात्र व्हायला हवी ना. तिची…”

इतक्या वर्षांचे सगळे धक्के एका बाजूला आणि हा एक शब्द एका बाजूला. पसंत! ताई जिराफाकडे बघत होत्या. मला पुढचा शनिवार डोळ्यांसमोर दिसला. त्या प्लास्टिकच्या गवतावर ताई एकट्या झोपणार, साडू बाहेर खुर्ची टाकून स्वतःला दोष देत बसणार, आणि त्यानंतर कोणीही कोणाला ‘चला’ म्हणून बोलवायला येणार नाही.

“थांबा,” मी म्हणालो. “झोप कुठं बघितलीय अजून?”

आम्ही ताईंच्या डब्यातले थालीपीठ खाल्ले आणि मी चपला काढून तंबूत शिरलो. असली गोष्ट मी जन्मात केली नव्हती. आडवा झालो, छताच्या पिवळ्या कापडाकडे बघत राहिलो. ती गेल्यापासून दुपारची सोडाच, रात्रीचीही धड झोप मला नव्हती. जनरेटरची धडधड ऐकता ऐकता डोळा कधी लागला ते कळले नाही.

जाग आली तेव्हा ऊन तंबूच्या दुसऱ्या बाजूला गेले होते आणि जनरेटर बंद होता. बाहेर साडू आणि ताई पाठमोरे बसलेले. मी बाहेर आलो.

“लागली झोप?” साडूंनी विचारले.

“नाही. नापास.”

“का?”

“उशी.”

साडूंनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिले. माझ्या गालावर उशीच्या शिवणीचा वळ उमटलेला असणार, कारण तिथे अजून हुळहुळत होते. मग ते उठले, आत जाऊन उशी घेऊन आले, दाबली, हुंगली, उन्हात धरली. “कापूस नाहीच हा. चिंध्या आहेत,” ते म्हणाले. “मला शंका आलीच होती.”

मालक कळवळला. “काका, आत्ता तर तुमी पसंत म्हणला!”

“मी म्हणालो, पण झोपले ते. आणि आधी तो जिराफ हलवा. रात्री उठलेला माणूस घाबरून मरेल.”

तो शब्द तोंडातून गेला आणि साडू जागीच थिजले. ताईंनी माझ्याकडे पाहिले. पहिल्यांदा मला हसू आले, मग ताईंना, आणि त्या पदराने डोळे पुसत कितीतरी वेळ हसत राहिल्या.

परतताना साडू गाडी चालवता चालवता म्हणाले, “वेल्ह्याकडे एक नवीन निघालंय म्हणे. पुढच्या रविवारी नुसतं बघून येऊ.”

“बघून यायला काय हरकत आहे,” मी म्हणालो.

ताई मागे उजवीकडे, आपल्या नेहमीच्या जागी बसल्या होत्या. बोगदा जवळ आला तेव्हा त्यांनी रिकाम्या सीटवरून हात लांब केला आणि डावीकडची काच चार बोटे खाली केली.