लाइट बराबर नाही

बाळांनो, समा भागातल्या आमच्या सोसायटीत कॅमेऱ्याचे एक शौकीन गृहस्थ राहत. रविवारी त्यांच्या झोपाळ्यावर मित्र जमत आणि जेवणापर्यंत लेन्सची चर्चा चाले. कॅमेऱ्यातला रोल मात्र संपत नसे.

त्यांची आई जरीची साडी नेसून बाहेर येई. “अरे, माझा एक फोटो काढ ना.”

“आई, आज लाइट बराबर नाही.”

मी एकदा म्हटलं, “अहो, किती वेळा साडी नेसायची त्यांनी?”

“काकी, फोटोग्राफीला धीर लागतो.”

त्या गेल्या तेव्हा घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. मतदार ओळखपत्रावरचाच मोठा करून त्याला हार घातला. मी भेटायला गेले, तर तो दाखवत हे गृहस्थ मित्रांना सांगत होते, “फोकस चुकलाय. लेन्स स्वस्तातली असणार.”