न हरण्याची प्रॅक्टिस

चार जुने दोस्त जमले, चहा आला, की कोणीतरी म्हणतंच, "ते फुटबॉलचं सांग ना गा!" सांगायला बसलो की एका किश्श्याचं शेपूट धरून दुसरा येतो. कारण साधं आहे. जिंकणाऱ्या टीमजवळ सांगायला एकच गोष्ट असते, ती म्हणजे 'जिंकलो'. हरायला मात्र दर वेळी नवीन कारण लागतं, आणि नागपुरातल्या आमच्या कॉलेजच्या टीमला कारणांची टंचाई कधी पडली नाही.

मी टीममध्ये नव्हतो. मी टीमचा चाहता होतो. एकुलता एक! म्हणजे मैदानावर एक बकरीही यायची, पण ती इंटरव्हलनंतर थांबत नसे. तिला खेळातलं कळत होतं.

* * *

फेब्रुवारी संपता संपता प्रिन्सिपॉलसाहेबांनी कॅप्टनला बोलावून घेतलं. कॅप्टन म्हणजे मेश्राम. त्याचे वडील कोराडीच्या कोळशाच्या पॉवर हाऊसमध्ये. तिथल्या कॉलनीतून पोरगा रोज सायकल मारत यायचा. कॉलेजात पोहोचेपर्यंत भुवयांवर राखेचा पातळ थर! आमच्या कॉलेजात फुटबॉल नव्हताच, तो यानं आणला. दहा पोट्टे कँटीनमधून एकेक करून उचलले, कोणाला खांद्यावर हात टाकून, कोणाला कॉलर धरून. आता त्याचं शेवटचं वर्ष होतं.

मी धीर द्यायला सोबत गेलो. साहेब म्हणाले, "मेश्राम, तीन वर्षांत तुमच्या टीमने किती गोल केले?"

"सर, एक खांबाले लागला होता."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "ते मैदान मला केमिस्ट्रीच्या लॅबसाठी पाहिजे. टीम बंद करा."

मेश्राम नुसता उभा राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तो हलेचना! शेवटी साहेबच कंटाळले.

"बरं. परीक्षेच्या आधी एक मॅच खेळा. जिंका म्हणत नाही मी. फक्त हरू नका. बरोबरी झाली तरी मैदान तुमचं. हरलात, तर दुसऱ्या दिवशी पाया खोदायला माणसं येतील."

बाहेर आल्यावर मेश्रामचा चेहरा उजळला होता. "भाऊ, नुसतं हरायचं नाही! एवढंच!"

त्याला कसं सांगू, की तेवढंच तर आपल्याला जमत नाही!

* * *

टीम तयार करायची जबाबदारी देशकर सरांवर आली. सर कॉलेजचे पी.टी. टीचर, मूळचे मलखांबाचे. फुटबॉल त्यांनी पुस्तकातून वाचला होता, तोही पुस्तकाची शेवटची काही पानं उंदरांनी खाल्ल्यानंतर.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला सर मैदानावर फळा घेऊन आले. खडूनं अकरा ठिपके काढले. ठिपक्यांतून बाण निघाले, बाण वळले, एकमेकांना कात्री मारून गोलमध्ये शिरले. "असा पास, असा पास, आणि हा गोल! कळलं?"

सगळ्यांनी माना हलवल्या. मेश्रामनं हात वर केला. "सर, समोरची टीम कुठं आहे?"

सर क्षणभर फळ्याकडे पाहत राहिले. मग ठसक्यात म्हणाले, "त्यांचं त्यांचे सर बघतील!"

पूर्ण मार्च महिना आमची टीम फळ्यावर एकदाही हरली नाही.

* * *

मार्च म्हणजे वाळवणाचे दिवस. मैदानाच्या कडेला शिपायांचे क्वार्टर होते आणि त्यात सुमनकाकू राहायच्या. पूर्वेकडच्या गोलसमोर ऊन सगळ्यात चांगलं पडतं, हा शोध काकूंनी फुटबॉल यायच्या कितीतरी आधी लावलेला. गोलच्या तोंडाशी दोन लुगडी अंथरलेली, त्यावर कुरड्या, बाजूला पापड, आणि खांबाला टेकून काकू. हातात काठी.

"पोट्ट्याहो, तिकडच्या गोलात खेळा. इकडं माह्या कुरड्या आहेत."

मेश्राम हात जोडून म्हणाला, "काकू, फुटबॉलमध्ये दोन गोल लागतात वं."

"तुमच्यानं एकात होत नाही, दोन कशाले पाह्यजेत?"

महिनाभर एकाच बाजूला प्रॅक्टिस झाली. तरी एक दिवस बॉल उडत उडत पूर्वेकडे गेलाच. काकूंनी तो काठीनं हवेतच असा टोलवला, की थेट सेंटरला येऊन पडला!

आमचा गोलकीपर बंडू ढोबळे हे सगळं भक्तिभावानं पाहत होता. मेश्रामजवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅचच्या दिवशीही काकूले कुरड्या टाकायले सांग ना गा!"

* * *

बंडूबद्दल सांगायलाच पाहिजे. उंची सहा फूट, हात गुडघ्यापर्यंत, छाती दरवाजाएवढी. बघणाऱ्याला वाटावं, याच्या बाजूनं वारा तरी कसा जात असेल! पण बॉल आला की बंडू डोळे मिटायचा.

मेश्राम एक दिवस चिडला. "काहून डोळे मिटतं बे? लागते म्हणून?"

"लागत नाही भाऊ."

"मग?"

"पाहवत नाही ना!"

मला एकदम त्याच्याबद्दल जिव्हाळा वाटला. गोलमध्ये उभा होता म्हणून गोलकीपर, नाहीतर तोही माझ्यासारखा चाहताच!

* * *

राइट बॅक होता काटोलचा पुंडलिक राऊत. घरची संत्र्याची बाग. पुंडलिकच्या पायाला बॉल सोडून सगळं लागायचं. गवत, ढेकूळ, कॉर्नरचा झेंडा, एकदा तर देशकर सर. पण दर सोमवारी तो गावाहून पोतंभर संत्री आणायचा. सकाळी सहाला प्रॅक्टिस सुरू व्हायची आणि सहा वाजून दहा मिनिटांनी सर शिट्टी मारायचे, "इंटरव्हल!"

"सर, आत्ता तर सुरू झालं."

"ऊन चढून राहिलं. संत्री गरम होतील."

सरांनाही थोडी सदसद्विवेकबुद्धी होती. मॅचला दहा दिवस उरले तेव्हा ते गंभीर झाले आणि पुंडलिकला टीममधून काढलं. पुंडलिकनं पोत्याचं तोंड बांधलं, सायकलला लावलं आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांनी शिट्टी झाली. सगळे सावलीत जाऊन बसले. समोर माठातलं पाणी. सरांनी एक घोट घेतला, मैदानाकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं. मग फळ्यावरचा उजव्या कोपऱ्यातला पुसलेला ठिपका पुन्हा काढला आणि म्हणाले, "राऊतच्या खेळात कालपासून फार सुधारणा दिसते!"

* * *

हसू नका. म्हणजे हसा, पण तेव्हा मला हसू येत नव्हतं. मी रोज सकाळी मैदानाच्या कडेच्या कट्ट्यावर बसून सगळं पाहायचो. दिवस सरत होते, आणि टीम जिथं होती तिथंच. उलट थोडी मागेच गेली होती, कारण लेफ्ट विंग कांजिण्यांनी आडवा झाला आणि त्याच्या जागी कॅरमच्या टीममधला पोरगा घ्यावा लागला. तो चांगला होता, पण त्याला वाटायचं, बॉल आधी बाजूच्या भिंतीवर आपटावा लागतो.

मॅचच्या दोन दिवस आधी प्रॅक्टिस संपली, सगळे गेले, मेश्राम एकटाच थांबला. रिकाम्या गोलमध्ये बॉल मारत होता. दहा मारले. चार आत गेले, सहा बाहेर. दर वेळी स्वतःच धावत जाऊन बॉल आणायचा. नऊ वाजत आले होते, ऊन चटके देत होतं.

मी म्हटलं, "कशाले जीव काढतं गा? तुले काय, एक महिन्यानं तू जाशील इथून."

तो बॉलवर बसला. घाम पुसला. म्हणाला, "बाबा विचारते, शिकून राहिला ते ठीक, पण कॉलेजात केलं काय? मी सांगतो, टीम केली. त्यांनी कॉलनीत सगळ्याईले सांगून ठेवलं, आमच्या पोरानं कॉलेजात टीम काढली म्हणून." बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. "टीमच नाही राहिली, तर ते काय सांगतीन?"

मी म्हटलं, "मी गोलमध्ये उभा राहू का?"

"नको," तो म्हणाला, "आता जाते तेवढेही मग आत जाणार नाहीत."

* * *

आणि मग मॅच.

आमच्याशी खेळायला कोणतंच कॉलेज तयार नव्हतं. तुमच्याशी खेळून आमच्या खेळाची तब्येत बिघडते म्हणायचे. शेवटी रेल्वे कॉलनीची टीम मिळाली. रविवारी सकाळी सगळे ड्युटीवरून थेट आले. फिटर, गार्ड, पॉइंट्समन. त्यांच्या कॅप्टनच्या मिशा अशा, की कॉर्नरचे झेंडे त्यांनाच लावावेत! त्यानं मेश्रामच्या पाठीवर थाप मारली. "बेटा, कितने गोल में मान जाओगे?"

"नाही मारले तरी चालते, चाचा," मेश्राम म्हणाला. आणि तो अगदी मनापासून बोलला होता.

त्या दिवशी पूर्ण कॉलेज लोटलं. चाहता म्हणून माझी तीन वर्षांची सिनिऑरिटी होती, तरी मला बसायला जागा मिळेना! प्रिन्सिपॉलसाहेब खुर्चीवर. त्यांच्या शेजारी एक गृहस्थ, मांडीवर नकाशाची गुंडाळी. केमिस्ट्रीची लॅब स्वतः मॅच बघायला आली होती!

मॅच सुरू झाली आणि मी देवाशी बोलायला लागलो. रेल्वेवाल्यांचा पहिला बॉल खांबाला. दुसरा बंडूच्या गुडघ्याला. तिसरा त्याच्या तोंडावर. चौथा पुंडलिकला लागला, आणि कसा कोण जाणे, मैदानाबाहेर गेला. इंटरव्हलला शून्य-शून्य! सर फळ्यावर काहीच काढेनात. म्हणाले, "आता बोलू नका माझ्याशी. जमून आलंय ते मोडेल."

दुसरा हाफ. आमचे अकराच्या अकरा गोलसमोर भिंत करून उभे. ऊन तापलं. रेल्वेवाले धापा टाकायला लागले. वीस मिनिटं उरली, दहा उरली, तीन उरली. शून्य-शून्य! नकाशावाले गृहस्थ गुंडाळीचा दोरा पुन्हा बांधायला लागले. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आणि तेवढ्यात पुंडलिकनं पाय हाणला. बॉलला लागला! तो बॉल पूर्ण मैदान ओलांडून गेला, आणि पलीकडे मेश्राम एकटा. मघाशी भिंतीतून सुटून एका बॉलमागे पुढे गेलेला, थकून तिथंच राहिला होता बिचारा, रेल्वेचे सगळे बॅक त्याच्या कितीतरी अलीकडे. त्यानं बॉल अडवला. त्यांचा गोलकीपर घसरला. मेश्रामनं मारला.

आत!

रेफरीची शिट्टी वाजली आणि काय झालं ते विचारू नका. तीन वर्षांचा उपास सुटला! आमचे दहाच्या दहा पोट्टे धावत सुटले, मेश्रामला उचललं, गोलच्या मागे मैदानाबाहेर नेलं, आणि पूर्ण कॉलेज त्यांच्या अंगावर. सर फळा डोक्यावर घेऊन नाचत होते. मेश्राम रडत होता आणि सगळ्यांना एकच म्हणत होता, "बाबाले सांगायले कोणीतरी जा रे! कोराडीची बस पकडा रे!"

बंडूही आला. उभं मैदान जन्मात पहिल्यांदा धावत ओलांडून आला. मी त्याला पाहिलं आणि मला राहवलं नाही. सहा फुटांचा गडी मी खांद्यावर घेतला! कुठून बळ आलं माहीत नाही. घेतला आणि गोल गोल फिरायला लागलो.

वरून बंडू म्हणाला, "भाऊ, तो लाइन्समन झेंडा वर करून काहून उभा आहे?"

"सलामी देऊन राहिला तुले!"

"आन् रेफरी नाही नाही काहून म्हणून राहिला?"

"अबे, त्याले विश्वास नाही बसून राहिला!"

मी आणखी एक गिरकी घेतली. मग तो एकदम माझे केस धरून ओरडला, "भाऊ, तो मिशीवाला बॉल घेऊन आपल्या गोलकडं चालला! ऑफसाइड दिलं बे, गोल धरलाच नाही! मले खाली ठेव!"

मी थांबलो. चारी बाजूंनी गर्दी, त्याला ठेवू कुठं? मागे वळून पाहिलं. अख्खं मैदान रिकामं. मधून रेल्वेचा कॅप्टन एकटा, बॉल पायानं ढकलत, धावत सुद्धा नव्हता, बाजाराला निघाल्यासारखा चालला होता. अधूनमधून मागे वळून पाहत होता, की कोणी येतं का. तोही जरा ओशाळलाच असावा. पार गोलच्या तोंडाशी जाऊन तो थांबला. पुन्हा एकदा मागे पाहिलं. मग हळूच बॉल आत सरकवला.

एवढी माणसं, पण झाडावरचा कावळा ऐकू येत होता. मेश्राम गर्दीतून वाट काढत पुढे आला. त्यानं लांबवरच्या आमच्या रिकाम्या गोलकडे पाहिलं. मग वळून माझ्याकडे पाहिलं. मग मान वर करून बंडूकडे.

"बंडू," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "तू इथं काहून?"

बंडूनं वरूनच माझ्या टाळूवर बोट ठेवलं.

"मले यानं उचललं ना."