न तुटलेली तार

ताणलेली कुठलीही वस्तू दिसली, की कुकडेजी तिच्यावर टिचकी मारत. मग ती कपडे वाळत घालायची दोरी असो, जीपच्या ताडपत्रीचा दोर असो की खाटेची नवार. टिचकी मारायची, मान तिरकी करून ऐकायचं आणि निकाल द्यायचा, "जित्ती हाय," नाहीतर "मेली." मी बदलून बालाघाटला आलो त्या सकाळी बॅग अजून हातातच होती आणि हा पन्नाशीचा, काटकुळा, एका जागी न ठरणारा माणूस माझ्या खांद्यावरच्या टेनिस रॅकेटला टिचकी मारत होता. "मेली हाय, साहेब. इतक्या दूरून काहून आणली?" मी नवा इंजिनियर आणि ते खात्याचे स्टोअरकीपर, ही ओळख नंतर झाली.

स्टोअरमध्ये त्यांचा एकच कायदा होता. कोणी बोथट झालेलं फावडं बदलून मागायला आलं, की ते उलटंपालटं करून बघत आणि परत हातात देत. "तुटलं काय? नाई नं? मंग तुटल्याबिगर खारीज नाई." नियम सरकारी होता, पण कुकडेजींनी तो घरीही नेला होता. चपलेचा अंगठा तुटेपर्यंत चप्पल, दांडी तुटेपर्यंत चष्मा. त्यांच्या पत्नी सुमनताई चहा देताना एकदा म्हणाल्या, "माहं लगनबी त्याच कायद्यावर टिकून हाय, साहेब." कुकडेजी खुशीत हसले. त्यांना हे कौतुक वाटलं असावं.

रोज सकाळी क्लबच्या मुरमाच्या कोर्टावर आम्ही दोघं खेळायचो. खेळायचो म्हणजे मी चेंडू आत टाकायचो आणि ते बाहेर. त्यांच्या अंगात सबुरी नावालाही नव्हती. दोन सर्व्हिसच्या मधल्या वेळातही ते जागच्या जागी नाचत. चेंडू हळू असो की जोरात, रॅकेट पूर्ण फिरवायची हे ठरलेलं. नायलॉनच्या तारेवरून तो असा उसळायचा की कुंपणापार. "आता पार हट्टा गावच्या बावडीत शोधा," मी चिडून म्हणायचो. खात्याच्या स्पर्धेला ते दरवर्षी जबलपूरला जात आणि पहिल्याच फेरीत हरून परत येत. रिटायर व्हायच्या आत एक कप घरी आणायचा, एवढी एकच आस त्यांना होती. सुमनताईंनी त्यासाठी कपाटावर जागाही करून ठेवली होती.

त्या पावसाळ्यात पुण्याच्या भाच्यानं त्यांना पॉलिएस्टरच्या तारेचं मोठं रीळ पाठवलं. "पालिस्टर तं शर्टाचं असते नं?" असं म्हणत त्यांनी ते हातात घेतलं. तार कडक, गुळगुळीत, गुंडाळी सोडली की सापासारखी उसळणारी. गटिंग, म्हणजे रॅकेटला तार भरायचं काम, ते घरीच करायचे. ओसरीत स्वतः बनवलेला लोखंडी सांगाडा होता, त्यात रॅकेट आवळायची आणि दांड्याच्या टोकाला तराजूची वजनं टांगून एकेक तार ताणायची. दोघांच्या रॅकेटी झाल्या. दुसऱ्या दिवशी कुकडेजींनी नेहमीसारखी रॅकेट पूर्ण फिरवली आणि मी सवयीनं कुंपणाकडे बघितलं. चेंडू तिकडे गेलाच नव्हता. तो जाळीवरून उंच गेला आणि रेषेच्या आत एकदम खाली बसला.

या तारेत उसळी कमी. चेंडूला ती जोर देत नाही, जोर आपणच लावायचा. पण रॅकेट वर ओढली की तार चेंडूखालून सरकते, झटक्यात जागेवर येते आणि त्याला गिरकी देते. म्हणजे जितकं जोरात मारावं तितका चेंडू आत. आयुष्यभर ज्या आडदांडपणापायी कुकडेजी हरत आले होते, तोच आता कामाला आला. "साहेब, हे तार माह्यासाठीच बनली हाय!" सबंध कोर्टभर ते ओरडत फिरले. इतका आनंद झालेला माणूस मला पुन्हा बघायला मिळाला नाही.

या तारेची खोड आम्हाला उशिरा कळली. नायलॉन झिजलं की तुटतं. ही तुटत नाही. ती काही आठवड्यांत आतून ढिली पडते, सरकलेली तार परत जागेवर येत नाही, आणि तिनं करायचं काम हाताला करावं लागतं. दिवाळीनंतर कुकडेजी दर गुणानंतर बोटांनी तारा सरळ करू लागले. चेंडू पुन्हा बाहेर जाऊ लागला, म्हणून ते आणखी जोर लावू लागले. उजवा कोपर दुखू लागला, चहाचा कप डाव्या हातात गेला.

"कुकडेजी, तार बदलू. रीळ भरलेलं आहे."

त्यांनी तारेवर टिचकी मारली. ऐकलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "जित्ती हाय." मग तारा बोटांनी सरळ करत, "तुटली कुठं? चांगली तार कापाची म्हंजे पाप हाय, साहेब."

जानेवारीत आम्ही जबलपूरला दुहेरीच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचलो. पहिला सेट जिंकला. दुसऱ्यात एक साधा चेंडू मारताना त्यांच्या हातातून रॅकेट गळून पडली. त्यांनी उचलली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा ती त्यांना उचलताच आली नाही. आम्ही सामना सोडला. परतीच्या बसमध्ये ते रॅकेट मांडीवर घेऊन डाव्या हातानं टिचक्या मारत होते. सिवनी सोडल्यावर हळूच म्हणाले, "मेली होती, साहेब. दिवाळीपासून मेली होती. मले आयकू येऊन राह्यलं होतं."

मी भडकलो. भर बसमध्ये नको ते बोललो. माहीत होतं तर हात कशाला घालवला, कप कशाला घालवला, असं सगळं. ते एवढंच म्हणाले, "हौ. पण तुटली नोती नं." आजही ते आठवलं की माझ्या ओरडण्याची मला लाज वाटते.

डॉक्टरांनी त्यांचा खेळ बंद केला. उन्हाळ्यात माझी बदली झाली. निघताना मी माझी रॅकेट त्यांच्याकडे ठेवली. "दिवाळीला येतो. तुम्ही डाव्या हातानं खेळायचं, मी उजव्या हातानं हरेन." त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

त्या दिवाळीला जमलं नाही. पुढच्याही नाही. आधी पत्रं होती, मग नुसते फोन, मग तेही राहिले. भांडण झालं नव्हतं, काही बिनसलं नव्हतं. मी दरवर्षी मनाशी म्हणायचो, कुकडेजी काय, तिथंच आहेत, जाऊ कधीतरी. पाच वर्षांनी ते गेल्याची बातमी आली, तेव्हा मी बालाघाटची गाडी पकडली.

सुमनताईंनी आतून माझी रॅकेट आणून दिली. मी तारेवर टिचकी मारली. ती खणखणीत वाजली. पाच वर्षं पडून असलेली तार अशी वाजत नाही. मी ओसरीत गेलो. सांगाडा होता, वजनं होती. खुंटीवर रीळ होतं, पण त्यावर चारदोन वेढेच उरले होते.

"ताई, खेळणं तर बंद होतं. एवढी तार गेली कुठं?"

"तुमच्याच रॅकेटले," त्या म्हणाल्या. "दर तीन-चार महिन्यानं चांगली तार कापे अन् नवी लावे. त्याइचा हात चाले नाई, तं वजनं मी टांगून देओ. म्या म्हटलं, तुटली नाई तं काहून कापता जी? तं म्हणे, साहेब कवाबी येतीन. त्याइच्या हाती मेली तार देऊ काय?"