आबांची हाक

श्रावणातल्या सोमवारी माझे वडील, आबा, वारले. मी सुप्याच्या शाळेत मास्तर. निरोप पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. या मासिकातले असले अनुभव मी हसत वाचायचो... आज स्वतःचा लिहितो आहे, आणि लिहिताना मान खाली जाते.

आमचं घर अणशीजवळ, रानाच्या कडेला. तिकडे गुरांना परत बोलवायची हाक घराघराची वेगळी. एकाची हाक दुसरा मारत नाही. माणूस गेला की त्याची हाकही संपते. आबांची हाक लांब, शेवटी वर चढणारी. वारण्याच्या तीन वर्षं आधी झटका येऊन त्यांची वाचा गेली. तेव्हापासून आई पितळी वाजवून गुरं बोलवी.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी दिवस कलताना अंगणापलीकडच्या मत्तीच्या झाडावरून हाक आली — आबांचीच! गाय रानातून धावत आली. आईने डोक्यावरचा पदर सारखा केला, आबा समोर आले की करायची तसा.

"आल्यात," ती म्हणाली.

शेजारचे भिवाकाका कुंपणावरून ओरडले, "काय मास्तर, तुज्या बुकात हाय काय ह्ये?"

होतं. जंगलखात्याच्या साहेबाने टाकून दिलेल्या पुस्तकात मी वाचलं होतं, आणि ते मला पोटात ठेवता आलं नाही. मी फांदीवर बोट दाखवलं — काळा भृंगराज पक्षी, शेपटीला दोन लांब तारा.

"आई, हे पाखरू नकला करतं. भीतीची खोटी आरोळी ठोकून दुसऱ्या पाखरांना उडवतं आणि त्यांचे किडे खातं. आबांची हाक याने पूर्वी कधीतरी उचलली असणार. इतकंच."

आई झाडाकडे बघत राहिली.

"म्हंजे त्ये न्हवंत?"

"नव्हेत."

"तू शिकलेला. असंल." पदर खांद्यावर ओढून ती आत गेली.

सकाळी मी अंगणात एकटाच होतो. झाडावरून पुन्हा आबांचा आवाज आला. "चंद्रे, ये गो बाय."

चंद्री माझी मुलगी, तेव्हा दोन वर्षांची. ती जन्मली तेव्हा आबांची वाचा जाऊन वर्ष झालं होतं. ते तिला खुणेनेच बोलवत. तिचं नाव त्यांच्या तोंडून कुणीच ऐकलेलं नाही. आई तिला असंच बोलवते, तेव्हा शब्द आईचे आणि आवाज आबांचा, असं पाखराने जोडलं असेल... हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पटत नाही.

मी आत धावलो. "आई, चल बाहेर! आबा चंद्रीला बोलवतायत!"

आई चूल फुंकत होती. "पाखरू हाय रे त्ये. तूच सांगितलंस न्हवं?"

"नाही आई, हे वेगळं आहे —"

"माज्यासाठी खोटं नगं बोलूस, बाबू. मी सावरलीया आता."

हाताला धरून तिला उठवावं, तर कोणत्या तोंडाने? मी एकटाच बाहेर आलो. झाड रिकामं होतं.

याला आता वर्ष होत आलं. उलगडा झालेला नाही. भृंगराज त्या झाडावर अजून येतो. मांजराचा, खारीचा आवाज काढतो. आबांचा काढत नाही. आई तिकडे बघत नाही.