काय-स्क्वेअरवाल्या काकू

कोकिळाकाकू कणीक मळत होत्या आणि त्यांचे सासरे प्रभाकरराव दुसऱ्या चहासाठी खाकरून दाखवत होते, तेवढ्यात दार वाजलं. प्रभाकररावांनीच उघडलं. लॅपटॉपची बॅग छातीशी धरून एक मुलगी उभी.

"आजोबा, काय-स्क्वेअरवाल्या काकू इथंच राह्यतात?"

"काय?"

"हो, काय."

"अवं पोरी, मी तुले विचारून राह्यलो, काय?"

"तेच तं! काय-स्क्वेअर!"

"कोकिळा, पाह्य वं," प्रभाकरराव आत ओरडले, "कोनाची पोरगी सकाळीच माही फिरकी घेऊन राह्यली!"

या घराला हे नवीन नव्हतं. जामच्या शेतकऱ्याची लेक कोकिळा नागपूरला संख्याशास्त्र शिकली, पहिल्या वर्गात पास झाली आणि सेलूच्या किराणा दुकानदारांच्या घरात सून म्हणून आली. नोकरीचं बोलणं अधूनमधून निघायचं. मग मुली झाल्या, दुकान वाढलं, आणि ते बोलणं कुणी न मोडताच मोडलं. थोरलीचा जुना लॅपटॉप हाती लागला तेव्हा काकूंनी पुन्हा आकड्यांत हात घातला. गटागटांतला फरक खरा की योगायोग हे तपासणाऱ्या काय-स्क्वेअर चाचणीच्या ज्या किमती पूर्वी पुस्तकामागच्या तक्त्यात बोट फिरवून शोधायच्या, त्या आता एका सूत्रासरशी समोर येतात, याचं त्यांना अजून अप्रूप. शेजारच्या मयुरीचा प्रकल्प तपासून दिला, आणि तिथून नाव वर्ध्याच्या कॉलेजांपर्यंत गेलं.

ही मुलगी काजल, पवनारची. गृहविज्ञानाचं शेवटचं वर्ष. पवनार, केळझर आणि जाम इथल्या बायका कणकेत सोयाबीनचं पीठ मिसळतात का, आणि गाव बदललं की सवय बदलते का, हा तिचा विषय. उद्या तोंडी परीक्षा.

"सारं झालं काकू, फक्त एक नजर टाका. फरक मस्त निघाला. जाम हायवेवर आहे ना, म्हनून तिथल्या बाया..."

"माह्या माहेराबद्दल सांभाळून बोलजो," म्हणत काकू हात पुसून पडद्यावर वाकल्या.

काजलची काय-स्क्वेअरची किंमत आली होती ३.४२. जी मर्यादा ओलांडली तर फरक खरा मानायचा, ती तिनं धरली होती ०.१०३.

"ही कुठून आणली?"

"एक्सेलच्या शीटमधून. CHISQ.INV चं सूत्र, ०.०५ आणि २."

"एवढ्या खालच्या दांडीवरून तं आमची मांजरही उडी मारते. अवं, हे डाव्या टोकाकून मोजते. आपल्याले उजव्या टोकाचे पाच टक्के पायजेत. पुढं RT लाव."

काजलनं लावलं. मर्यादा झाली ५.९९१. तिची ३.४२ बिचारी खालीच राहिली.

"म्हनजे फरक नाईच?"

"आहे म्हनाले आपल्याजवळ पुरावा नाई."

काजलचे डोळे भरले. "मी त्याची कारनं दोन पानं लिवली काकू! मॅडमले तेच आवडलं होतं. आता उद्या नापास करतीन मले."

काकूंनी ती पानं मन लावून वाचली. 'महामार्गावरील गृहिणी सतत घाईत असते' इथं त्यांना हसू आवरेना. "लिवलं झकास. पन ज्यायच्याबद्दल लिवलं, त्या बायाच सापडून नाई राह्यल्या."

काजलही रडता रडता हसली आणि एकेक ओळ पुसू लागली. चहा कुणीच ठेवत नाही म्हणून प्रभाकरराव जवळ येऊन बसले. "एवढी गावं फिरली पोरगी, अन् हाती काईच नाई?"

"काईच नाई कसं, आजोबा?" काजल फणकारली. "आरोग्यवाले सोयाबीनच्या पिठाचं गावागावाले वेगळं माहितीपत्रक देतो म्हनत होते. सध्यातरी तसं कराचं कारन दिसत नाई. एकच चालते."

काकूंनी चटकन मान वर केली. "हेच लिव. शब्दाले शब्द."

कणकेवर ताट झाकलेलंच राहिलं. शेवटचं पान नव्यानं उतरलं, वाचून झालं, काजलनं बॅग खांद्याला लावली. काकू तिच्यामागोमाग फाटकापर्यंत गेल्या.

"काजल, तुही परीक्षा बाहेरच्यायले आयकता येते का वं?"

"येते ना. मागं बसून."

"मंग तुह्या मॅडमले विचारजो, उद्या मी मागच्या बाकावर येऊन बसली तं चालते का."